अब्राहम लिंकन वकील होण्याआधी खरंच सैनिक होते का?

हो, होते, पण जेमतेम तीन महिने, आणि तेवढ्यात लढाई त्यांच्या वाट्याला आलीच नाही. 1832 मध्ये अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ब्लॅक हॉक युद्ध (ब्लॅक हॉक या मूळनिवासी नेत्याविरुद्धचं) पेटलं तेव्हा ते स्वयंसेवक म्हणून भरती झाले. त्या काळी अशा तुकडीतली माणसं आपला कॅप्टन स्वतःच मत देऊन निवडायची. 23 वर्षांच्या लिंकनना त्यांनी निवडलं. या निवडीइतका आनंद पुढे कुठल्याच यशाने दिला नाही, असं त्यांनी 1859 मध्ये स्वतःबद्दलच्या टिपणात लिहून ठेवलंय. मुदत संपल्यावर ते साधे शिपाई म्हणून पुन्हा भरती झाले, हे मला कॅप्टनपदापेक्षाही मोठं वाटतं.

वकिलीचा धागाही इथलाच. सैन्यात भेटलेल्या जॉन टॉड स्टुअर्ट या वकिलाने त्यांना कायदा शिकायचा आग्रह केला, पुस्तकं उसनी दिली. कॉलेज नाही की गुरू नाही, सगळं स्वतः वाचून. 1836 मध्ये सनद मिळाली आणि 1837 मध्ये स्प्रिंगफिल्डला स्टुअर्टबरोबरच भागीदारीत वकिली सुरू झाली.

फक्त क्रम लक्षात घ्या: सैनिक, मग आमदार, मग वकील. 1832 ची विधानसभा निवडणूक ते हरले, पण त्यांच्या न्यू सेलम गावाने 300 पैकी 277 मतं त्यांना दिली होती. 1834 पासून मात्र ते सलग चार वेळा जिंकले.