गाठ निघाली, मग हा थकवा कसला?

"मॅडम, गाठ निघाली, नजर सुधारली, स्कॅनही चांगला आला. तरी ही दिवसभर पडून असते. आता मनाचंच काहीतरी असणार." नवरा बोलत होता, त्या मान खाली घालून ऐकत होत्या. वय ४३. पिट्युटरीच्या म्हणजे पीयूषिका ग्रंथीच्या गाठीची शस्त्रक्रिया होऊन चार महिने झाले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मी त्यांनाच विचारलं, सकाळी उठल्यावर कसं वाटतं? "उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येते. भूक नाही, सारखी थंडी वाजते. सगळे म्हणतात, मनावर घे. मी आळशीच झालेय हो."

हे 'आळशी झालेय' मी या शस्त्रक्रियेनंतर समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या फार जणांकडून ऐकलंय, आणि दर वेळी जीव तुटतो. पीयूषिका वाटाण्याएवढी, नाकाच्या मागे मेंदूच्या तळाशी असते. थायरॉइड, मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथी, अंडाशय या सगळ्यांना कामाचा हुकूम तिथून सुटतो. गाठीच्या दाबाने किंवा शस्त्रक्रियेत ती दुखावली, तर बाकीच्या ग्रंथी धडधाकट असूनही गप्प बसतात. अॅड्रिनलमधून येणारं कॉर्टिसोल हे हार्मोन घटलं की थकवा, चक्कर, मळमळ येते आणि मनही खचतं. बाहेरून ते अगदी नैराश्यासारखं दिसतं.

गोळ्यांचा विषय काढला तेव्हा त्या चाचरल्या. हायड्रोकॉर्टिसोन, म्हणजे कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारी स्टिरॉइडची गोळी, त्या कधी अर्धीच घेत, कधी टाळत. "स्टिरॉइडने हाडं ठिसूळ होतात म्हणे." नवऱ्याला याचा पत्ताच नव्हता. मी सांगितलं, ती भीती जास्त मात्रेच्या स्टिरॉइडची. इथे शरीर स्वतः जेवढं बनवतं, साधारण तेवढंच बाहेरून भरून काढायचं असतं. आपल्या मनाने बंद केली तर मात्र जिवावर बेतू शकतं.

त्या दिवशी मी समुपदेशन सुरूच केलं नाही. चिठ्ठी देऊन तडक हार्मोनतज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांच्या फाइलमध्ये 'टीएसएच नॉर्मल' असा रिपोर्ट होता, म्हणून थायरॉइड ठीक आहे असं सगळे धरून चालले होते. पण टीएसएच म्हणजे थायरॉइडला हुकूम देणारं हार्मोन, आणि ते बनतं पीयूषिकेतच! तीच दुखावली असेल तर त्या आकड्यावर विसंबता येत नाही, फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, बघावं लागतं. ते कमी निघालं. डॉक्टरांनी आधी कॉर्टिसोलची घडी बसवली, मगच थायरॉइडची गोळी दिली. हा क्रम उलटला तर शरीरातलं उरलंसुरलं कॉर्टिसोल झपाट्याने संपतं आणि रुग्ण कोसळू शकतो.

सहा आठवड्यांनी त्या एकट्या आल्या. चेहऱ्यावर तरतरी होती. आणि मग खरं रडू फुटलं: पाळी थांबली होती, त्याबद्दल घरात कुणाशीच बोलता आलं नव्हतं. आमचं काम तिथून सुरू झालं. त्यावरही उपचार असतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"आयुष्यभर गोळ्या घ्यायच्या?" हा प्रश्न आलाच. काहींची ग्रंथी काही महिन्यांत सावरते, काहींची नाही. सकाळच्या डोसआधी कॉर्टिसोल तपासून डॉक्टर ते ठरवतात. ताप आला तर डोस किती वाढवायचा, हे त्यांनी डॉक्टरांकडून लिहून घेतलंय. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकली नाही तर हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घेऊन थेट दवाखाना गाठायचा. ते इंजेक्शन द्यायला आता नवरा शिकलाय.