बाप्तिस्मा न घेता ख्रिस्ती माणसाचे तारण होऊ शकते का?

याचे उत्तर पंथागणिक बदलते. कॅथलिक शिकवणीनुसार बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने दिली जाणारी ख्रिस्ती दीक्षा, तारणासाठी, म्हणजे पापातून मुक्तीसाठी, आवश्यक आहे. म्हणूनच मरणासन्न बालकाच्या डोक्यावर पाणी ओतून ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ असे म्हणत कोणीही, अगदी अख्रिस्ती परिचारिकासुद्धा, चर्चला अभिप्रेत असलेल्या हेतूने हा संस्कार देऊ शकते. मात्र देव स्वतः आपल्या संस्कारांनी बांधलेला नाही, असेही तेच चर्च मानते आणि बाप्तिस्म्याची इच्छा बाळगून मरण पावलेल्याला तारणापासून वंचित समजत नाही. बॅप्टिस्ट पंथात तारण विश्वासाने होते आणि पाण्यात बुडवून दिलेला बाप्तिस्मा ही त्याची जाहीर साक्ष असते.

दोन्ही बाजू बायबलचाच आधार घेतात. मार्क १६:१६ मध्ये विश्वास धरून बाप्तिस्मा घेणाऱ्याला तारणाचे आश्वासन आहे, परंतु त्याच वचनाच्या उत्तरार्धात दोषी ठरतो तो केवळ विश्वास न धरणारा, हे वाचताना बहुधा निसटते. वधस्तंभावरील ज्या गुन्हेगाराला येशूने सुखलोकाचे आश्वासन दिले, त्याने बाप्तिस्मा घेतल्याचा उल्लेख लूकच्या शुभवर्तमानात नाही.

या प्रश्नाचे जवळचे उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमधील वाँटेज येथे झाला, तरी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र पुढे काही वर्षांनी भेटला, असे त्यांनी स्वतःच नोंदवले आहे. माझ्या मते बाप्तिस्मा टाळण्याचे समर्थन यातून होत नाही. रमाबाईंनीही तो निरर्थक ठरवला नव्हता.