मुलीचा प्रश्न आणि पेठेतला क्लास

(पुण्यातल्या नऱ्ह्याच्या एका वडिलांचं पत्र आहे. मुलगी राज्यशास्त्रात बीए झाली, 61 टक्के. तिला स्थानिक स्वराज्य संस्थांवर संशोधन करायचंय. वडिलांनी सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासची दोन वर्षांची फी भरली आहे. ते लिहितात, 'आयुक्त झाली तर महापालिका सुधारेल, नुसते कागद लिहून काय होणार? तिला समजवा.')

नमस्कार,

61 टक्क्यांनी काही अडत नाही. मला काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची: फी आधी भरलीत आणि मुलीला नंतर सांगितलंत. तीन पानी पत्रात तिचं स्वतःचं वाक्य एकच आहे, तेही तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय: 'आपल्या गावाचं पाणी कोण ठरवतं, हे मला शोधायचंय.'

अहो, ती किती नेमकं विचारतेय! 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, त्यात नऱ्हे आलं आणि ग्रामपंचायत गेली. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, सरकारने नेमलेले प्रशासक आले आणि निवडणूक झाली थेट जानेवारी 2026 मध्ये. एवढी वर्षं तुमच्याकडे ना सरपंच, ना तुम्ही निवडून दिलेला नगरसेवक. टँकर आला नाही तर जाब कुणाला विचारायचा? मुलगी हे घरात बघत मोठी झाली, म्हणून तिला हा प्रश्न पडला. तिचं बोलणं तुम्ही हट्ट म्हणून उडवून लावलंत, हे मला खटकलं.

आणि आयुक्त झालं की महापालिका सुधारते, हा समज आधी सोडा. आयुक्ताला राज्य सरकार नेमतं आणि तेच बदली करतं. 1949 च्या महापालिका कायद्याने कारभाराचे अधिकार आयुक्ताकडे आहेत, महापौरांकडे मुख्य सभेचं अध्यक्षपद. शहरांच्या स्वराज्य संस्थांसाठीची 74 वी घटनादुरुस्ती 1993 मध्ये लागू झाली, घटनेच्या बाराव्या अनुसूचीत त्यांच्याकडे सोपवता येतील असे 18 विषय आले, पण त्यातलं काय आणि किती द्यायचं हे राज्याच्या विधिमंडळावर सोडलं. पुण्यातच बघा: विकास आराखड्याला अंतिम मंजुरी राज्याची, मेट्रो महामेट्रो या सरकारी कंपनीकडे, हद्दीबाहेरचं नियोजन पीएमआरडीए या महानगर प्राधिकरणाकडे. जकात गेली, तिच्या जागी आलेला एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, आता जीएसटीपोटी राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे. महापौर थेट निवडावा का, प्रशासक किती काळ चालवून घ्यायचा, शहराने पैसा कुठून उभा करायचा, हे वाद आयुक्ताच्या खुर्चीत बसून सुटत नाहीत. त्यासाठी मुख्य सभेचे ठराव, अंदाजपत्रकं, वॉर्डातली कामं वर्षानुवर्षं तपासणारी माणसं लागतात, आणि ती फार थोडी आहेत.

मार्ग सरळ आहे: पुणे विद्यापीठात राज्यशास्त्र किंवा लोकप्रशासनात एमए, नाहीतर मुंबईच्या टाटा संस्थेत शहरी धोरणाचा अभ्यासक्रम, मग नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा आणि पीएचडी. एमपीएससी नंतरही देता येते. नातेवाइकांनी सुचवलेला एलएसजीडी (स्थानिक स्वराज्य कारभाराचा) डिप्लोमा पालिकेच्या नोकरीतल्यांच्या कामाचा, संशोधनासाठी नव्हे.

पैशाची तुमची भीती मात्र खरी आहे. जेआरएफ, म्हणजे नेटमधून मिळणारी संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये. नाही मिळाली तर सुरुवातीची वर्षं प्रकल्पांवरच्या कंत्राटी कामात जातात. हे तिला स्पष्ट सांगा, पण सांगून निर्णय तिच्यावर सोडा.

क्लासवाल्यांकडे फी परत मागा, मिळेल तेवढी घ्या. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता. विषय कसा बांधायचा, क्षेत्रीय कार्यालयातून कुठली कागदपत्रं माहिती अधिकारात मागायची, ते मी तिलाच सांगेन.