आधी अंधार मोज

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

उजेड पडला की कॅन्सरच्या पेशी मारणाऱ्या तुझ्या औषधाच्या प्रयोगाची मेल आणि आलेख दोन्ही मिळाले. ‘मॅडम, उजेडात नव्वद टक्के पेशी मेल्या’ या वाक्यापुढची तीन उद्गारचिन्हं बघून हसू आलं, कारण माझ्या पहिल्या वहीतही ती तशीच आहेत. पण आलेखात रेघ एकच आहे. तेच औषध, तेवढीच मात्रा, तेवढाच वेळ, फक्त उजेड न दाखवलेली प्लेट (पेशी वाढवायची खळग्यांची ताटली) कुठे आहे? केली असशील आणि जोडायची राहिली असेल तर माझी निम्मी बडबड फुकट. केलीच नसेल तर नव्वदचा आकडा तूर्त आईलासुद्धा सांगू नकोस.

पेशी मारायला फिनेलही पुरतं. आपल्याला असं औषध हवं आहे, जे शिरेतून जाईल, अंगभर फिरेल, गाठीत जाऊन बसेल आणि दिवा लागेपर्यंत कुणाला त्रास देणार नाही. दिवा लागला की ते उजेडाची ऊर्जा घेतं, शेजारच्या ऑक्सिजनला देतं आणि त्या ऑक्सिजनचा सिंग्लेट ऑक्सिजन, म्हणजे ऊर्जेने चेतलेला ऑक्सिजन होतो. हा मोठा तापट, पण अल्पायुषी. पाण्यात त्याचं आयुष्य साडेतीन मायक्रोसेकंदांच्या आसपास. तेवढ्यात तो पेशीच्या रुंदीच्या जेमतेम शंभराव्या हिश्श्याइतका जातो आणि वाटेत जे येईल ते जाळतो. म्हणून रेणू पेशीच्या कुठल्या भागात बसला, ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात की कचरा पचवणाऱ्या लायसोसोममध्ये, याने निकाल बदलतो. हे सगळं तू वाचलेलंच असणार. तुझ्या मेलमध्ये मला दिसला नाही तो अंधार.

या विषयाची सुरुवातच अंधार-उजेडाच्या घोळातून झाली. १८९७-९८च्या हिवाळ्यात म्युनिकमध्ये ऑस्कर राब नावाचा वैद्यकाचा विद्यार्थी हर्मान फॉन टापायनर यांच्या हाताखाली अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्याचा पॅरामेशियम या एकपेशी जीवावर काय परिणाम होतो ते बघत होता. द्रव्य तेच, प्रमाण तेच, पण पॅरामेशियम मरायला लागणारा वेळ काही जुळेना. एक दिवस भलताच फरक आला. त्या दिवशी बाहेर वादळ होतं आणि खोलीत नेहमीचा उजेड नव्हता, असं सांगतात. आपल्यासारखा कुणी असता तर ‘प्रयोग बिघडला’ असं लिहून पान उलटलं असतं. राबने खिडकीकडे बघितलं. त्याचा लेख १९०० साली आला, आणि उजेडावर चालणाऱ्या या परिणामासाठी ‘फोटोडायनॅमिक’ हा शब्द पुढे टापायनर यांनीच रूढ केला.

दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते. १९१२ साली फ्रीडरिश मायर-बेट्स या जर्मन डॉक्टरने २०० मिलिग्रॅम हिमॅटोपॉर्फिरिन, म्हणजे रक्तातल्या लाल द्रव्यापासून केलेलं, उजेड शोषणारं एक द्रव्य, स्वतःच्या शिरेत टोचून घेतलं. द्रव्य अंगात गेलं तेव्हा काही विशेष झालं नाही. मग तो उन्हात गेला आणि चेहरा असा सुजला की ओळखू येईना. पुढे कित्येक आठवडे ऊन लागलं की हाच प्रकार. औषध उजेडात चालतं हे त्याने स्वतःच्या कातडीवर सिद्ध केलं. ते नको तिथेही चालतं, हेही त्यातच सिद्ध झालं, आणि आपण सगळे अजून त्या दुसऱ्या भागाशी झुंजतो आहोत.

पुढे अमेरिकेत बफेलोच्या रोझवेल पार्क या कॅन्सर केंद्रात थॉमस डॉहर्टी यांनी खपून ज्याला उपचाराचं रूप दिलं, ते फोटोफ्रिन कॅनडात १९९३ला मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी आणि अमेरिकेत १९९५ला अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. त्याची रुग्णाला दिली जाणारी सूचना मी दरवर्षी नव्या मुलांना वाचायला लावते. किमान ३० दिवस ऊन टाळा, डोळे-कातडी जपा. इथवर अपेक्षितच. पण पुढे म्हटलं आहे की अगदी काळोख्या खोलीतही बसू नका, घरातल्या मंद उजेडात वावरा, कारण त्याने कातडीत उरलेलं औषध हळूहळू निकामी होतं. महिनाभर पडदे ओढून बसलेला, संध्याकाळच्या उजेडात गॅलरीत यायला घाबरणारा माणूस डोळ्यांसमोर आण. रेणू काढताना कागदाच्या कोपऱ्यात त्याच्यासाठी जागा ठेव.

‘रेणू कसा सुचतो’ असं तू विचारलं आहेस. याला सूत्र नाही, पण मला आवडणारं एक उदाहरण सांगते. दसऱ्याला दाराला लावतो त्या झेंडूच्या मुळांत अल्फा-टरथायेनिल नावाचा पदार्थ असतो. थायोफीनची, म्हणजे गंधक असलेली, तीन कडी एकापुढे एक जोडलेली. झेकमाइस्टर आणि सीझ यांनी १९४७ साली तो झेंडूतून वेगळा काढला. अतिनील किरण पडले की हाही सिंग्लेट ऑक्सिजन तयार करतो. आपल्याकडचे शेतकरी मुळांना लागणाऱ्या सूत्रकृमींना रोखायला टोमॅटोच्या जोडीने झेंडू लावतात, त्यामागे हा पदार्थ आहे. (मातीत ऊन कुठून येणार, मग तो तिथे चालतो कसा, यावर वेगळे वाद आहेत. अंधारातलं विष हा आपलाच विषय, कधीतरी बसून बोलू.)

आता टीएलडी-१४३३ या उजेडावर चालणाऱ्या औषधाची रचना उघड. मधे रुथेनियम हा धातू, दोन बाजूंना बायपिरिडीन या कड्यांची जोडी, आणि तिसऱ्या बाजूला लटकलेली तीन थायोफीन कडी. झेंडूचीच साखळी! हा रेणू शेरी मॅकफार्लंड यांच्या गटाचा. आधी कॅनडात, मग अमेरिकेत त्यांनी तो वाढवला. जड धातूमुळे रेणू ट्रिप्लेट या ऊर्जा धरून ठेवणाऱ्या अवस्थेत सहज उतरतो आणि त्या साखळीमुळे तिथे बराच वेळ टिकतो, म्हणून ऑक्सिजनला गाठायला सवड मिळते. २०१७ साली कॅनडात मूत्राशयाच्या कॅन्सरवर त्याच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. रुथेनियमचं असं उजेडावर चालणारं औषध माणसांपर्यंत पोचण्याची ही पहिलीच वेळ.

मला त्यातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं ते दिव्याचा रंग. पुस्तकात तू घोकलं असशील की लाल किंवा त्यापलीकडचा उजेड वापरावा, कारण तो मांसात खोल जातो. खरं आहे. पण यांनी ५२५ नॅनोमीटर, म्हणजे चक्क हिरवा दिवा घेतला. का? मूत्राशयाच्या आतल्या अस्तरावरच्या गाठी उथळ असतात, आणि त्याखालच्या स्नायूला धक्का लागायला नको असतो. जुन्या औषधाने, म्हणजे फोटोफ्रिनने, लाल उजेडात, काही रुग्णांचं मूत्राशय आक्रसून गेलं होतं. इथे उजेड खोल न जाणं हाच फायदा. शिवाय औषध शिरेतून देत नाहीत. नळीने मूत्राशयात सोडतात, तासभर ठेवतात, धुऊन काढतात, मग दिवा. अंगभर औषध नाही म्हणजे महिनाभर पडदे ओढायला नकोत. आधी गाठ बघितली, मग दिवा ठरला, आणि मग रेणू. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं चालतं. रेणू बनतो, एनएमआर (रचना तपासणारा आलेख) सुंदर येतो, आणि मग आपण त्याला साजेसा कॅन्सर शोधत फिरतो.

आता तुझ्या प्लेटकडे येते, आणि त्यासाठी माझी फजिती सांगणं भाग आहे.

तेव्हा मी पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला होते. नारिंगी रंगाचं एक रुथेनियमचं संयुग, चार महिने शुद्धीकरणाचे कॉलम चालवून जेमतेम काही मिलिग्रॅम हाताशी. ९६ वेलच्या (खळग्यांच्या) दोन प्लेटा लावल्या, एक उजेडाची, एक फॉइलमधली. दोन दिवसांनी एमटीटी घातलं. जिवंत पेशी असल्या की ते पिवळं द्रव्य जांभळं होतं, हे तुला माहीत आहे. फॉइल काढली तर अंधारातली प्लेटही निम्मी पिवळीधमक. म्हणजे अंधारातही पेशी मेलेल्या, औषध आपोआपच विषारी. तीनदा केलं, तीनदा तेच. वहीत ‘बाद’ लिहिलं आणि रडून घेतलं.

आमच्याकडे एक लॅब अटेंडंट काका होते, फॉइलचे तुकडे कापून ठेवायचं काम त्यांच्याकडे. ते म्हणाले, ‘मॅडम, फॉइल तर तुम्ही औषध घालून झाल्यावर लावता. घालताना हूडमधली ट्यूब चालूच असते की.’

मी औषधाची एकेक पातळी ९६ वेलमध्ये सोडत होते, त्याला पंधरा-वीस मिनिटं लागायची. माझं संयुग नेमकं निळा उजेड पिणारं, आणि हूडमध्ये, म्हणजे जंतूंपासून जपून काम करायच्या कपाटात, डोक्यावर वीतभर अंतरावर पांढरी ट्यूब. जिला मी अंधारातली प्लेट म्हणत होते तिने अंधार कधी पाहिलाच नव्हता. मग फोटो धुण्याच्या खोलीत असायचा तसा मंद लाल दिवा आणला, ट्यूब बंद केली, बाटल्यांना आधीच फॉइल लावली. त्या खेपेला प्लेट उघडली तर शेवटच्या एक-दोन रांगा सोडून सगळी जांभळी. चार महिन्यांचं संयुग वहीतून परत आलं. त्या पेपरच्या आभारात काकांचं नाव घालावं म्हणून मी गाईडशी भांडले होते. घातलं.

तेव्हा पहिलं काम, तू औषध घालताना खोलीत कोणता दिवा असतो ते बघ. दुसरं, हिशोब कर. तुझा एलईडी चौरस सेंटिमीटरला २० मिलिवॅट देत असेल तर १०० ज्यूल द्यायला ५००० सेकंद लागतात, म्हणजे ८३ मिनिटं. तेवढा वेळ उजेडाची प्लेट इन्क्युबेटरबाहेर असते. अंधारातली प्लेटही तेवढाच वेळ बाहेर, त्याच टेबलावर, फॉइलमध्ये राहायला हवी, नाहीतर तू उजेड नाही, थंडी मोजते आहेस. किंवा उष्णता, कारण एलईडी तापतो. म्हणून औषध न घातलेली, फक्त उजेड दिलेली प्लेटही लाव. आणि पॉवर मीटर मधल्या वेलवर नाही, कोपऱ्यातल्या वेलवर ठेवून बघ. आकडा वाचून चकित होशील.

पेपरांत निम्म्या पेशी मारायला लागणारी अंधारातली मात्रा भागिले उजेडातली मात्रा असा एक गुणोत्तराचा आकडा असतो. मोठा आला की टाळ्या. तो फुगवणं सोपं आहे हे लक्षात ठेव. औषध पाण्यात विरघळत नसेल तर जास्त मात्रेला ते डीएमएसओतून (ज्यात आपण ते आधी विरघळवतो त्या द्रवातून) बाहेर पडून वेलच्या तळाशी बसतं, पेशीत जातच नाही, आणि आपण खुशीत लिहितो की अंधारात अगदी निरुपद्रवी. मायक्रोस्कोपखाली वेल बघितली तर तळाशी नारिंगी कण दिसतात. ते न बघता लिहिलेले पेपर मी रिव्ह्यूअर म्हणून परत पाठवले आहेत, त्यामुळे दोन-तीन जण माझ्यावर रागावून आहेत, असोत.

गाठीत ऑक्सिजनच कमी असतो, मग हे चालणार कसं, हा तुझा प्रश्न चांगला आहे. त्याचं एक उत्तर म्हणजे ऑक्सिजनवर न विसंबणारे रेणू. उजेड पडला की एखादा लिगंड, म्हणजे धातूला जोडलेला गट, सुटतो आणि आतला विषारी भाग मोकळा होतो. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाचे पीटर सॅडलर यांची प्लॅटिनमची अ‍ॅझाइड संयुगं वाच, आणि आपल्याकडचं बघायचं तर बंगळुरूच्या आयआयएससीतलं (भारतीय विज्ञान संस्थेतलं) अखिल चक्रवर्ती यांचं काम. लोखंडासारख्या साध्या धातूंचीही उजेडात चालणारी संयुगं त्यांनी केली आहेत.

गाईड निवडताना नावाजलेलं नाव बघू नकोस. लॅबमध्ये जा आणि विचार, अंधारातल्या प्लेटा कुठे ठेवता? उत्तर द्यायला किती वेळ लागतो ते बघ. आणि जमलं तर एकदा तोंडाच्या कॅन्सरच्या ओपीडीत अर्धा दिवस बसून ये. तंबाखू, मिश्री, सुपारी आपल्या घराघरांत आहे, आणि तोंड ही उजेड सहज पोचेल अशी जागा, निदान कागदावर तरी. अलिगढमध्ये बॅटरीवर चालणारा एलईडी वापरून सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरवर हा उपचार करून बघितला गेला आहे. पण सुपारीने गाल आतून कडक झालेल्या माणसाचं तोंड दोन बोटंही उघडत नाही. तिथे तुझ्या रेणूइतकाच प्रश्न दिव्याच्या टोकाच्या जाडीचा असतो. हे एनएमआरवर दिसत नाही.

प्लेटा परत लाव. या खेपेला तिन्हींचे आकडे एकत्र पाठव, उद्गारचिन्हं चालतील. संध्याकाळी सातनंतर फोन कर, तोवर मी हूडपाशी असते आणि मोबाइलचा उजेड नको म्हणून तो बाहेर ठेवलेला असतो.

तुझी,
मॅडम