पीएचसीची (प्राथमिक आरोग्य केंद्राची) पोस्टिंग: सही करून परत यायचं की तिथे राहायचं?

प्रश्न: मी एमबीबीएस फायनल इयरला आहे, आता इंटर्नशिप सुरू होईल. सिनियर सांगतात पीएसएमच्या (म्हणजे कम्युनिटी मेडिसिनच्या) पोस्टिंगमध्ये काही नसतं, सही करायची आणि नीट-पीजी या प्रवेश परीक्षेचा अभ्यास करायचा. मला मात्र खरंच खेड्यात राहून शिकायचंय, गडचिरोली किंवा मेळघाट डोक्यात आहे. घरचे म्हणतात तिथे ना मशिनी ना मोठे डॉक्टर, शिकणार काय? कुठे आणि कशी जाऊ?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर: सिनियर सांगतायत ते अगदीच खोटं नाही गं, बऱ्याच ठिकाणी असंच चालतं. पण इंटर्नशिपच्या 2021 च्या नियमांत कम्युनिटी मेडिसिनला 12 आठवडे दिलेत, मेडिसिन आणि सर्जरीला प्रत्येकी 6, म्हणजे अख्ख्या इंटर्नशिपमधला सगळ्यात मोठा तुकडा हाच आणि तोच आपण वाया घालवतो.

शिकणार काय, तर पेशंट घरी कसा जगतो ते. आशाताईसोबत बाळंतिणीच्या घरी जा. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ती जाते, बाळाचं वजन करते, ताप बघते, अंगावर दूध नीट ओढतंय का ते बघते. ही पद्धत आली कुठून माहितीये? गडचिरोलीतूनच. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने 39 गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त खाली आणले, 1999 मध्ये ते लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. वॉर्डात तुला आजारी बाळ दिसतं, इथे ते आजारी पडायच्या आधी दिसतं आणि सासू काय म्हणते तेही ऐकू येतं (ते कुठल्याच पुस्तकात नाही).

आणि मशिनी नाहीत म्हणूनच तर डोळे उघडे ठेवावे लागतात. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेला माणूस, पापण्या जड, अंगावर खूण काहीच नाही, तर मण्यार सापाचा दंश डोक्यात यायला हवा, कारण ती झोपेत चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही. डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाचं काम सुरू केलं ते महाडजवळच्या बिरवाडीच्या पीएचसीत, आणि पुढे प्राझोसिन हे औषध देऊन मृत्यू कुठल्या कुठे खाली आणले. त्यामुळे घरच्यांच्या 'शिकणार काय'ला माझ्याकडून हे उत्तर दे.

आता कुठे जायचं. माझं मत थोडं वेगळं आहे, मोठ्या नावाच्या मागे लागू नकोस. हेमलकशाला (आमटेंच्या लोकबिरादरी प्रकल्पात) जाऊन आठवडाभर फोटो काढून आलेले बरेच बघितलेत, पेशंटला त्याचा काही उपयोग नाही आणि त्यांनाही नाही. तुझ्या कॉलेजच्या रुरल सेंटरला क्वार्टरमध्ये राहून त्याच चार-पाच घरांत पुन्हा पुन्हा गेलीस तर जास्त हाती लागेल. सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजात हेच वर्षानुवर्षं चालतं, प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते, मुलं तिथे शिबिराला राहतात आणि नंतरही त्याच कुटुंबांकडे जात राहतात. आता नॅशनल मेडिकल कमिशनने सगळ्याच कॉलेजांना कुटुंब दत्तक घ्यायला लावलंय, काही ठिकाणी ते फक्त लॉगबुकातच असतं ही गोष्ट वेगळी.

तरी लांब जायचंच असेल तर आधी एचओडीची (विभागप्रमुखांची) लेखी परवानगी घे आणि मग संस्थेला पत्र लिही. पत्रात सरळ विचार की रात्री इमर्जन्सी आली तर माझ्यासोबत कोण असेल? मुलींची राहायची सोय काय? एमओ (मेडिकल ऑफिसर) स्वतः तिथे राहतो की संध्याकाळी तालुक्याला जातो? तो जात असेल आणि ओपीडी इंटर्नवर सोडत असेल तर तिथे जाऊच नकोस, तू अजून शिकतेयस, एकटीने निर्णय घ्यायची वेळ यायला नको. माडिया, गोंडी, कोरकूचे दहा-वीस शब्द मात्र जायच्या आधीच शीक, 'कुठे दुखतं' एवढं जरी विचारता आलं तरी दुभाष्यावर सगळं सोडावं लागत नाही.

मुक्काम निदान महिनाभराचा तरी माग. आणि भामरागडकडे जायचं ठरलंच तर पावसाळा टाळ, पर्लकोटा नदी चढली की रस्ता बंद होतो, मग तुझी पुढची पोस्टिंग चुकेल आणि त्याची सही कोणी देणार नाही.