पडद्यावरचं मराठी अक्षर : वाचकांचे प्रश्न

कवितांची पोस्टरं, सुलेखनाचे फोटो, शब्दांची छोटी ॲनिमेशनं. मराठी अक्षर आज कागदाइतकंच पडद्यावर घडतं. त्याविषयी आलेल्या प्रश्नांपैकी पाच या अंकात घेतले आहेत.

फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत 'कविता' टाइप केलं की वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन पडते आणि जोडाक्षरं पाय मोडून येतात. फाँट बदलूनही फरक नाही. काय करावं?

फाँटचा दोष नाही, मजकूर मांडणाऱ्या इंजिनाचा आहे. युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत) 'वि' साठवताना आधी व, मग वेलांटी असा उच्चाराचा क्रम असतो. वेलांटी डावीकडे नेणं आणि जोडाक्षर जुळवणं हे पडद्यावर दाखवतानाचं काम. जुन्या आवृत्त्यांत ते मुळात बंद असतं. प्रेफरन्सेसमधल्या 'टाइप' विभागात जाऊन टेक्स्ट इंजिन 'मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन' करा, प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडा आणि परिच्छेदाच्या पॅनलमधल्या मेनूतून 'वर्ल्ड-रेडी' कंपोझर, म्हणजे ओळी मांडणारा भाग, निवडा. इनडिझाइनमध्येही हाच कंपोझर लागतो. जुन्या फाइलमधला मजकूर आपोआप सुधारत नाही. तो निवडून त्यावर कंपोझर पुन्हा लावावा लागतो. इंकस्केप आणि गिंप या मोफत प्रोग्रॅममध्ये देवनागरीची जुळणी आधीपासून होते.

जाता जाता एक विनंती: मराठी शीर्षकात अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. रोमन अक्षरांना ते शोभतं, आपल्याकडे शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात. शीर्षक मोकळं हवं असेल तर रुंद वळणाचा फाँट घ्या.

संकेतस्थळावर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतात. तोच फाँट छापील अंकात मात्र मराठी वळण दाखवतो. असं का?

कारण बहुतेक वेळा फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात आणि कोणतं दाखवायचं हे भाषेच्या नोंदीवरून ठरतं. युनिकोडमध्ये ल साठी एकच क्रमांक आहे. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श या मराठी वळणांना वेगळे क्रमांक नाहीत. ओपनटाइप फाँटमध्ये स्थानिक रूपांची एक सोय असते. मजकुराची भाषा मराठी असल्याचं कळलं तर ती मराठी रूप पुढे करते, एरवी फाँटचं मूळ रूप दिसतं, आणि ते बरेचदा हिंदी वळणाचं असतं.

उपाय छोटा आहे. पानाच्या एचटीएमएलमध्ये सर्वांत वरच्या टॅगला भाषेची नोंद असते. तिथे मराठीचा संकेत हवा, म्हणजे 'एम' आणि 'आर' ही दोन लहान लिपीतली रोमन अक्षरं. तयार टेम्प्लेटमध्ये तिथे इंग्रजीचा किंवा हिंदीचा संकेत राहून गेलेला असतो, आणि ते कुणी तपासत नाही. छपाईच्या प्रोग्रॅममध्ये हीच नोंद अक्षरांच्या पॅनलमधल्या भाषेच्या रकान्यात होते. तुमच्या अंकात ती कुणीतरी नीट केली आहे. नोटो सान्स देवनागरीमध्ये मराठी रूपं आहेत. नोंद बरोबर असूनही वळण बदललं नाही, तर त्या फाँटमध्ये मराठी रूप नाही असं समजा आणि फाँट बदला. ही बाब क्षुल्लक नाही. राज्य शासनाच्या २०२२च्या वर्णमालेविषयीच्या निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श हीच रूपं सांगितली आहेत, आणि मूल शाळेत जे अक्षर गिरवतं तेच त्याला पडद्यावर दिसायला हवं.

'दुसऱ्या' हा शब्द लेखात डोळ्यांना दिसतो, पण शोधला तर सापडत नाही. दुसरीकडे चिकटवला की 'दुसर्या' होतो.

अर्धचंद्री ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक: ऱ हे स्वतंत्र अक्षर (युनिकोड क्रमांक ०९३१), त्याला हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि पुढे य. दोन: साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारा, रुंदी नसलेला जोडक, मग य. दिसायला दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी वेगळे. म्हणून शोध फसतो. हा अदृश्य जोडक काही प्रोग्रॅम निरुपयोगी समजून गाळतात. तो गेला की उरतो र आणि हलन्त, आणि त्याचा नियमाप्रमाणे रफार होतो. तुमचा 'दुसर्या' असा जन्मला.

म्हणून नेहमी पहिली रीत वापरा. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून 'जे'ची कळ दाबली की ऱ मिळतो. जुन्या मजकुरात जोडक असलेला तुकडा उचलून शोधाच्या रकान्यात चिकटवा आणि सगळीकडे ऱ व हलन्त घाला. मात्र जिथे जोडक आधीच गळाला आहे, तिथे एकगठ्ठा बदल करू नका. सूर्य, कार्य, आचार्य या शब्दांतला रफार खरा आहे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. हे हातानेच तपासावं लागतं.

ॲ ची गत अशीच. अ वर चंद्र देऊन तो होतो आणि एकसंध अक्षर म्हणूनही मिळतो. एकसंध ॲ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीच्या मजकुरात पहिलाच प्रकार सापडतो. ही दोन रूपं युनिकोडच्या सामान्यीकरणानेही (सारखी रूपं एका रूपात आणण्याच्या प्रक्रियेनेही) एक होत नाहीत. अंकाच्या संपादकांनी एक रूप ठरवून सगळीकडे तेच ठेवावं.

बोरूने लिहिलेलं सुलेखन फोनवर छान दिसतं, पण पाठवल्यावर कडांभोवती मळकट ठिपके येतात. लाल अक्षर तर फिसकटतं.

ते ठिपके जेपेगचे, म्हणजे फोटोची फाइल दाबून लहान करणाऱ्या पद्धतीचे. ही पद्धत चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून प्रत्येकातला बारीक तपशील कमी करते. आभाळाच्या फोटोत ते खपून जातं. पांढऱ्यावरची काळी धार म्हणजे सगळा तपशीलच, म्हणून तिथे घाण दिसते. शिवाय जेपेगमध्ये उजेडाची माहिती पूर्ण ठेवून रंगाची सहसा निम्म्या बारकाव्याने ठेवतात. हिरव्या जमिनीवर लाल अक्षर असेल आणि दोघांचा उजेड सारखा असेल, तर कडा सांभाळायला काही उरत नाही. चाचणी सोपी आहे: चित्र कृष्णधवल करून बघा. अक्षर जमिनीत मिसळलं, तर ते पाठवल्यावर फिसकटणारच. जमीन उजळ करा किंवा अक्षर गडद करा.

मुळात फोटोऐवजी स्कॅन करा. ए-४ कागद, ६०० डीपीआय, ग्रेस्केल: ४९६० बाय ७०१६ पिक्सेल आणि न दाबलेली फाइल सुमारे ३५ एमबी. मग 'लेव्हल्स'मध्ये उजवा काटा कागदाच्या रंगापर्यंत आणि डावा शाईपर्यंत आणा. 'थ्रेशोल्ड' (प्रत्येक ठिपका निव्वळ काळा किंवा पांढरा करणारी सोय) वापरू नका. बोरूतली शाई संपत आल्यावर उमटणारी कोरडी, खरखरीत रेघ त्यात एक तर भरून जाते नाही तर नाहीशी होते, आणि सुलेखनाचा जीव तर त्या रेघेत असतो.

कागद मोठा असेल आणि फोटोच काढावा लागला, तर दोन दिवे दोन बाजूंना ४५ अंशांत ठेवा, फोन साधारण एक मीटर लांब घ्या आणि दुपटीची लेन्स वापरा. जवळून रुंद लेन्सने काढलेल्या फोटोत शिरोरेषा धनुष्यासारखी वाकते.

जपण्याची प्रत पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबली जात नाही. इन्स्टाग्रामसाठी स्वतःच १०८० बाय १३५० पिक्सेलची प्रत करा. फार मोठी फाइल दिली तर ती ॲप लहान करतं, आणि मग धार कशी राहील ते तुमच्या हातात राहत नाही. चित्रातले शब्द सोबतच्या मजकुरात टाइपही करा. दृष्टिहीन वाचकाचा फोन ते वाचून दाखवतो.

शब्द एकेक अक्षराने उमटवायचा आहे. 'स्वातंत्र्य' मध्येच पाय मोडका दिसतो.

'स्वातंत्र्य' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा आहे: स्वा, तं, त्र्य. युनिकोडमध्ये त्यात अकरा संकेत, म्हणजे वेगवेगळे क्रमांक, आहेत. प्रोग्रॅम संकेत मोजत असेल तर अकरा पायऱ्या पडतात, आणि त्यातल्या बऱ्याच अर्ध्यामुर्ध्या. युनिकोडच्या अक्षरगटांच्या जुन्या नियमानेही सहा तुकडे होत. देवनागरी जोडाक्षर एक गट धरण्याचा नियम १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. वेबसाठी काम करणाऱ्यांनी मजकूर अक्षरगटांत तोडणारा जावास्क्रिप्टचा 'सेगमेंटर' वापरावा आणि जुन्या ब्राउझरवर नक्की तपासून पाहावा.

व्हिडिओत मात्र टाइपचं ॲनिमेशन सोडून द्या. शब्दाची बाह्यरेषा करा, शिरोरेषा वेगळा आकार म्हणून कापा आणि दोहोंमध्ये दोन पिक्सेलचा जोड ठेवा, नाही तर केसाएवढी फट दिसते. सेकंदाला २४ चौकटी धरल्या तर प्रत्येक अक्षराला सहा ते आठ द्या आणि ते मास्क (अक्षर झाकणारा पडदा) सरकवत डावीकडून उजवीकडे उमटवा. तिन्ही झाल्यावर शिरोरेषा एका ओढीत, दहा चौकटींत. हातानेही आपण बरेचदा शब्द पुरा झाल्यावरच वरची रेघ ओढतो, म्हणून ही चाल डोळ्यांना ओळखीची वाटते. फाइल जिफमध्ये काढणार असाल तर रंग २५६च मिळतात. जमीन सपाट एका रंगाची ठेवा, छटा टाकलीत तर पट्टे दिसतील.