बीटल्सचा पहिला अल्बम खरोखर एका दिवसात रेकॉर्ड झाला होता का?

बऱ्याच अंशी होय, पण पूर्णपणे नाही. 22 मार्च 1963 रोजी ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या ‘प्लीज प्लीज मी’ या अल्बममध्ये एकूण 14 गाणी आहेत. त्यांपैकी चार 1962 च्या सप्टेंबर आणि नोव्हेंबरमध्येच ध्वनिमुद्रित होऊन सिंगल्सच्या (एकेका गाण्यासाठी स्वतंत्रपणे विकल्या जाणाऱ्या छोट्या तबकड्यांच्या) रूपाने बाजारात आली होती. उरलेली दहा मात्र 11 फेब्रुवारी 1963 रोजी, लंडनच्या ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत, सकाळी दहाच्या सुमारास सुरू होऊन रात्री उशिरापर्यंत चाललेल्या कामात पूर्ण झाली.

हे शक्य झाले, कारण निर्माते जॉर्ज मार्टिन यांना बीटल्स बँडमधील चौघांच्या रंगमंचावरील कार्यक्रमाचा जोम जसाच्या तसा टिपायचा होता, आणि लिव्हरपूल व हॅम्बुर्गच्या क्लबांत तासन्‌तास वाजवून त्यांचा हात पक्का बसलेला होता. ध्वनिमुद्रण केवळ दोन ट्रॅकच्या, म्हणजे दोनच स्वतंत्र ध्वनिपट्ट्यांच्या, टेपवर झाल्यामुळे नंतर डागडुजी करण्यास फारसा वाव नव्हता.

त्या दिवसाचा कस ऐकायचा असेल, तर शेवटचे ‘ट्विस्ट अँड शाउट’ लक्षपूर्वक ऐकावे. ते गाणारे बँडचे सदस्य जॉन लेनन यांना सर्दी झाली होती, दिवसभर गाऊन घसा सोलवटून निघाला होता, म्हणून घसा फाडून गायचे हे गाणे मुद्दाम अखेरीस ठेवण्यात आले. पहिलाच टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा पहिलाच प्रयत्न, अल्बममध्ये घेतला गेला; दुसऱ्या प्रयत्नापर्यंत त्यांचा आवाजच उरला नव्हता. तो खरखरीत, फाटलेला स्वर मला या अल्बममधील सर्वांत मोलाचा ऐवज वाटतो.